चालत्या व्हर्च्युअल मशीनला नवे प्रोसेसर जोडणे: रावेर सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

वजनकाट्याचे काम न थांबवता, त्या काट्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला) अधिक प्रोसेसर देता आले पाहिजेत, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या एका गटाच्या कार्यालयात १२ कोअरचा एक भौतिक सर्व्हर आहे आणि त्यावर क्यूएमू या एम्युलेटरद्वारे तीन व्हर्च्युअल मशीन चालतात. त्यांपैकी मुख्य मशीनवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे. काटा पावत्या, मालाची प्रतवारी, दिवसाचा भाव आणि शेतकऱ्यांचे हिशोब हे सगळे त्यात जाते. सकाळी कापणी होते, दुपारनंतर माल काट्यावर येऊ लागतो आणि रात्रीपर्यंत गाड्या भरून निघतात. रावेर आणि सावदा येथून रेल्वेनेही केळी दिल्लीकडे जाते. या संध्याकाळच्या वेळात मशीनचे दोन्ही प्रोसेसर पूर्ण व्यापलेले असतात आणि पावती निघायला वेळ लागतो.

मशीन बंद करून, प्रोसेसरांचा आकडा बदलून पुन्हा सुरू करणे हा सोपा उपाय आहे. पण कापलेली केळी उन्हात ताटकळत ठेवण्याचा माल नव्हे. गटाचे काम पाहणारे अण्णा पहिल्याच भेटीत म्हणाले, "भाऊ, बंद करायचं असेल तर पहाटे करा. काट्यावर गाडी उभी असताना करू नका." त्यांची अट रास्त आहे आणि प्रकल्पाची आखणी तिच्याभोवतीच करायची आहे.

६ फेब्रुवारी २०२५

प्रोसेसर वाढवण्याआधी, अडचण खरोखर प्रोसेसरचीच आहे का, हे तपासले. गर्दीच्या वेळी गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या लिनक्समध्ये, व्हीएमस्टॅट हे भार दाखवणारे साधन चालवून पाहिले असता, धावण्याच्या प्रतीक्षेत असलेल्या प्रक्रियांची रांग प्रोसेसरांच्या संख्येपेक्षा सतत मोठी दिसली, तर डिस्कच्या प्रतीक्षेत जाणारा वेळ नगण्य होता. डिस्क अडत असती तर प्रोसेसर कितीही जोडले तरी काहीच फरक पडला नसता.

होस्टच्या, म्हणजे भौतिक सर्व्हरच्या, बाजूने पाहिले तर व्हर्च्युअल प्रोसेसर म्हणजे क्यूएमूच्या प्रक्रियेतील एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक स्वतंत्र धागा, असतो. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये क्यूएमू प्रसिद्ध केले, तेव्हा ते गेस्टच्या सूचना भाषांतरित करूनच चालवीत असे. २००७ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२० मध्ये केव्हीएम हा विभाग आल्यावर त्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याची सोय झाली. आमचे मशीन केव्हीएमवर आहे. त्यामुळे प्रोसेसर जोडणे याचा होस्टवरील अर्थ एवढाच होतो की क्यूएमू केव्हीएमकडून एक नवा व्हर्च्युअल प्रोसेसर मागून घेतो आणि त्याच्यासाठी एक थ्रेड सुरू करतो. खरे काम गेस्टच्या बाजूला आहे, कारण चालू असलेल्या कर्नलला आपल्या पायाखाली नवे हार्डवेअर आल्याचे कळवावे लागते आणि त्याने ते स्वीकारावे लागते.

१० फेब्रुवारी २०२५

आज एक गोष्ट स्पष्ट झाली आणि तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सध्याचे मशीन '-एसएमपी २' (म्हणजे दोन प्रोसेसर) एवढ्याच सूचनेने सुरू केलेले आहे. कमाल आकडा वेगळा दिलेला नसला की तो सुरुवातीच्या आकड्याइतकाच धरला जातो, म्हणून या मशीनमध्ये तिसऱ्या प्रोसेसरला जागाच नाही. ती करून घेण्यासाठी '-एसएमपी २,मॅक्ससीपीयूज=८' अशा सूचनेने मशीन एकदा नव्याने सुरू करावे लागेल. म्हणजे चालत्या मशीनला प्रोसेसर जोडण्याची सोय मशीन सुरू होण्याआधीच ठरते. अण्णांना हे सांगताना ठिबकचे उदाहरण दिले: सबमेन पुरतानाच पुढच्या ओळींसाठी तोंडे काढून त्यांना बूच लावून ठेवले, तर नंतर चर खणावा लागत नाही. त्यांना ते लगेच पटले आणि पहाटेच्या एका बंदसाठी त्यांनी होकार दिला.

कमाल आकडा ८ ठरवण्याचे कारण साधे आहे. उरलेल्या दोन मशीनना प्रत्येकी दोन प्रोसेसर दिलेले आहेत आणि होस्टवर १२ कोअर आहेत. त्यामुळे मुख्य मशीन आठपर्यंत गेले तरी कोणाचा वाटा मारला जात नाही. कमाल आकडा उगाच फार मोठा ठेवू नये, कारण लिनक्स कर्नल पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरसाठी काही स्मृती बूट होतानाच बाजूला काढतो. मेमइन्फो या स्मृतीचा हिशोब देणाऱ्या फाइलमधील 'पर-सीपीयू' या ओळीत ती दिसते. आठसाठी ही रक्कम किरकोळ आहे, शेकड्यांच्या घरात गेल्यावर ती तशी राहत नाही.

हे आठ प्रोसेसर कसे मांडायचे, हाही प्रश्न होता. मांडणी सांगितली नाही तर क्यूएमू स्वतःच ती ठरवतो, आणि तो नियम आवृत्ती ६.२ पासून बदलला आहे: आधी सॉकेट (प्रोसेसरची चिप बसण्याच्या जागा) वाढवले जात, आता कोअर वाढवले जातात. त्यामुळे एक सॉकेट, त्यात आठ कोअर, प्रत्येक कोअरमध्ये एक हार्डवेअर थ्रेड, अशी मांडणी आम्ही सूचनेतच लिहून टाकली. प्रत्येक कोअरमध्ये दोन थ्रेड ठेवले असते तर नेहमी जोडीनेच भर घालावी लागली असती, नाहीतर गेस्टला अर्धवट कोअर दिसला असता.

१४ फेब्रुवारी २०२५

जळगावला आणलेल्या चाचणी-मशीनवर आज पूर्ण प्रक्रिया करून पाहिली. ती नीट लिहून ठेवतो, कारण पुढे हे काम दुसऱ्या कोणाला करावे लागले तर त्याला प्रत्येक टप्प्यावर नेमके काय घडते हे ठाऊक असले पाहिजे.

सर्वप्रथम क्यूएमूच्या मॉनिटरला, म्हणजे त्याच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या भागाला, 'क्वेरी-हॉटप्लगेबल-सीपीयूज' हा प्रश्न विचारला. उत्तरात आठ जागांची यादी मिळाली. प्रत्येक जागेपुढे प्रोसेसरचा प्रकार आणि सॉकेट, कोअर, थ्रेड यांचे क्रमांक असतात. ज्या जागा भरलेल्या आहेत त्यांच्यापुढे त्या उपकरणाचा अंतर्गत मार्ग लिहिलेला असतो आणि रिकाम्या जागांपुढे तो नसतो. हे क्रमांक आपल्या मनाने रचू नयेत, यादीत आहेत तसेच उचलावेत. त्यानंतर 'डिव्हाइस-ॲड' ही आज्ञा दिली: प्रकार यादीतलाच, ओळखनाम 'सीपीयू२', सॉकेट ०, कोअर २, थ्रेड ०. ओळखनाम देणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे हाच प्रोसेसर काढायचा झाला तर ते हाताशी लागते.

जुन्या लेखांमध्ये 'सीपीयू-ॲड' ही आज्ञा आढळते. ती २०१३ मध्ये १.५ या आवृत्तीत आली होती आणि तिला फक्त एक क्रमांक देता येत असे. कोणत्या सॉकेटमध्ये, कोणत्या कोअरवर, हे सांगण्याची तिच्यात सोय नव्हती. २०१६ च्या २.७ या आवृत्तीपासून एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या जातीच्या) प्रोसेसरांसाठी 'डिव्हाइस-ॲड' आणि वरची यादी उपलब्ध झाली, आणि २०२० मध्ये ५.२ या आवृत्तीत जुनी आज्ञा काढून टाकण्यात आली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रोसेसर हे इतर कोणत्याही उपकरणासारखेच एक उपकरण झाले. नेटवर्क कार्ड जसे जोडतो, त्याच आज्ञेने आणि त्याच शिस्तीने प्रोसेसर जोडला जातो.

आज्ञा दिल्यावर क्यूएमू केव्हीएमकडून नवा प्रोसेसर तयार करून घेतो. तो लगेच धावू लागत नाही. कोणी जागे करीपर्यंत थांबून राहतो. त्याच वेळी एसीपीआयच्या (हार्डवेअरची माहिती कर्नलला कळवणाऱ्या मानकाच्या) नोंदवह्यांमध्ये अमुक जागी नवा प्रोसेसर आला आहे, अशी खूण केली जाते आणि गेस्टला एसीपीआयचा इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा संकेत, पाठवला जातो. गेस्टचा कर्नल तो मिळताच एसीपीआय तक्त्यांमधील छोटा कार्यक्रम चालवतो. हा कार्यक्रम क्यूएमूनेच मशीन सुरू होताना लिहून ठेवलेला असतो. तो एकेक जागा तपासतो, जिथे खूण सापडेल तिथले प्रोसेसर-उपकरण तपासण्याची सूचना कर्नलला देतो, आणि कर्नल त्या उपकरणाची स्थिती व त्याच्या लोकल एपीआयसीचा (इंटरप्ट स्वीकारणाऱ्या भागाचा) क्रमांक वाचून घेतो. काम कसे पार पडले हे गेस्ट उलट कळवतो आणि ती बातमी क्यूएमूच्या मॉनिटरवर घटनेच्या रूपाने उमटते. या घटनेची वाट पाहणे आम्ही आमच्या स्क्रिप्टमध्ये सक्तीचे केले आहे, कारण 'डिव्हाइस-ॲड' यशस्वी झाली याचा अर्थ एवढाच की होस्टची बाजू पार पडली.

१८ फेब्रुवारी २०२५

गेस्टची बाजू. कर्नल प्रोसेसरांच्या तीन याद्या ठेवतो आणि त्या सिस फाइल-प्रणालीत सीपीयू या फोल्डरखाली वाचता येतात: 'पॉसिबल', म्हणजे कधीही येऊ शकणारे, 'प्रेझेंट', म्हणजे आत्ता जोडलेले, आणि 'ऑनलाइन', म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे. आमच्या चाचणी-मशीनवर पहिली यादी बूटपासूनच ०-७ अशी होती, कारण रिकाम्या जागाही एसीपीआयच्या तक्त्यात अक्षम म्हणून नोंदलेल्या असतात आणि कर्नल त्या मोजून घेतो. 'डिव्हाइस-ॲड' नंतर दुसरी यादी ०-२ झाली, पण तिसरी ०-१ वरच राहिली. प्रोसेसर आला होता, त्याला कामावर घेतले गेले नव्हते.

कामावर घेण्यासाठी त्या प्रोसेसरच्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये १ लिहावा लागतो. काही लिनक्स वितरणांमध्ये यासाठी यूडेव्हचा (नवे उपकरण आल्यावर काय करायचे ते पाहणाऱ्या साधनाचा) नियम आधीच असतो आणि हे आपोआप होते. आमच्यात तो नव्हता, म्हणून एका ओळीचा नियम घातला: सीपीयू या वर्गातील उपकरण नव्याने आले आणि त्याच्या 'ऑनलाइन' मध्ये ० असला, तर तिथे १ लिहावा.

त्या एका आकड्यामागे बरेच काही घडते. चालू प्रोसेसर नव्या प्रोसेसरला आधी इनिट आणि मग स्टार्टअप हा संकेत पाठवतो. नवा प्रोसेसर अगदी प्राथमिक अवस्थेतून सुरुवात करून कर्नलच्या पूर्ण अवस्थेपर्यंत चढत येतो. टाइमस्टॅम्प काउंटर इतरांशी जुळतो का ते पाहिले जाते. टायमर, कामाच्या रांगा, आरसीयू ही प्रोसेसरांमधील समन्वयाची यंत्रणा, प्रक्रियांना प्रोसेसर वाटून देणारा शेड्यूलर असा प्रत्येक विभाग आपापली तयारी करतो. २०१६ मध्ये ४.६ या कर्नलपासून या सगळ्या पायऱ्या एका ठरलेल्या क्रमात बांधल्या गेल्या. सीपीयू फोल्डरमधील 'हॉटप्लग/स्टेट्स' ही फाइल उघडली की त्या क्रमाने वाचता येतात. ज्याला कर्नल आतून समजून घ्यायचा आहे त्याने ही यादी एकदा तरी सावकाश वाचावी. एका प्रोसेसरवर कर्नलचे किती विभाग विसंबून असतात, हे तिच्याइतके स्वच्छ फार थोड्या ठिकाणी दिसते.

२२ फेब्रुवारी २०२५

कर्नलने प्रोसेसर स्वीकारला तरी प्रोग्राम तो वापरतीलच असे नाही. या प्रकल्पात माझा सर्वाधिक आग्रह या तपासणीचा होता.

पोस्टग्रेसच्या बाबतीत चिंता नव्हती. त्यात प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया असते आणि शेड्यूलर त्या प्रक्रिया नव्या प्रोसेसरवर आपसूक पसरवतो. समांतर चालणाऱ्या क्वेरीला मात्र प्रोसेसरांच्या संख्येशी घेणे-देणे नसते. एका क्वेरीत किती मदतनीस प्रक्रिया लावायच्या हे सेटिंगमध्ये लिहिलेले असते आणि तो आकडा मुळात २ असतो. प्रोसेसर आठ झाले म्हणून तो वाढत नाही. तो बदलण्यासाठी डेटाबेस बंद करावा लागत नाही, सेटिंग पुन्हा वाचायला लावले की पुरते.

हिशोबाचे अहवाल काढणारा जावा प्रोग्राम मात्र सुरू होतानाच प्रोसेसर मोजून आपल्या थ्रेडांचा ताफा ठरवतो, आणि जावाच्या कचरा-गोळा (न लागणारी स्मृती मोकळी करणाऱ्या) यंत्रणेचे थ्रेडही तेव्हाच ठरतात. हा प्रोग्राम प्रोसेसर जोडल्यावर पुन्हा सुरू करायचा, असे ठरले. काट्याच्या नोंदी त्याच्यावर अवलंबून नाहीत, म्हणून त्याला कोणत्याही वेळी क्षणभर थांबवता येते.

तिसरी बाब कंटेनरांची, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांची. त्यांचे वाटे ठरवणाऱ्या सीग्रुप या कर्नलच्या सोयीच्या पहिल्या आवृत्तीत सीपीयूसेटच्या उपगटांमध्ये प्रोसेसरांची यादी लिहून ठेवलेली असते आणि नवा प्रोसेसर आला तरी ती आपोआप लांबत नाही; आतील प्रोग्राम जुन्याच प्रोसेसरांवर दाटीवाटीने बसलेले राहतात, तर टॉप या भार दाखवणाऱ्या साधनात नवा प्रोसेसर रिकामा दिसतो. आमचा गेस्ट दुसऱ्या आवृत्तीवर आहे आणि तिथे यादी हाताने बांधलेली नाही, हे खात्रीने पाहून घेतले.

२७ फेब्रुवारी २०२५

ठरल्याप्रमाणे पहाटे मुख्य मशीन बंद करून नव्या सूचनेने सुरू केले. उजाडल्यावर पहिली गाडी आली तेव्हा काटा नेहमीप्रमाणे चालू होता. 'पॉसिबल' ०-७, 'ऑनलाइन' ०-१.

५ मार्च २०२५

आज संध्याकाळी, काट्यावर गाड्यांची रांग असतानाच, चालत्या मशीनला दोन प्रोसेसर जोडले. पावत्या निघत राहिल्या. काट्यावरील मुलाला काही घडल्याचे कळलेही नाही, आणि आम्हाला हवे होते ते हेच. थोड्याच वेळात धावण्याच्या रांगेची लांबी प्रोसेसरांच्या संख्येखाली आली.

होस्टवरील एक तपासणी आज्ञा देण्याआधी केली होती, तिची नोंद आवश्यक आहे. नवा थ्रेड ज्या थ्रेडमधून जन्मतो त्याची कोअरची मर्यादा वारशाने घेतो. क्यूएमू सुरू करतानाच टास्कसेट वापरून त्याला दोन कोअरवर बांधलेले असेल, तर पुढे जोडलेले सगळे प्रोसेसर त्याच दोन कोअरवर येऊन बसतात. गेस्टला चार प्रोसेसर दिसतात आणि काम दोघांचेच होते. म्हणून क्यूएमूची मर्यादा आधी पाहिली, आणि जोडल्यानंतर 'क्वेरी-सीपीयूज-फास्ट' ने मिळणारे थ्रेड क्रमांक घेऊन प्रत्येक थ्रेड कुठे धावू शकतो ते पडताळले. गेस्टच्या टॉपमधील 'एसटी' हा स्तंभही याच कामाचा आहे. गेस्टला धावायचे असताना होस्टने दिला नाही असा वेळ त्यात मोजला जातो. तो शून्याजवळ आहे.

११ मार्च २०२५

जोडलेले प्रोसेसर काढता येतात का, हे चाचणी-मशीनवर पाहिले. 'डिव्हाइस-डेल' ही आज्ञा असली तरी एक्स८६ वर ती खरे तर विनंती असते. क्यूएमू गेस्टला एसीपीआयमार्गे कळवतो, गेस्ट त्या प्रोसेसरवरील प्रक्रिया, इंटरप्ट आणि टायमर दुसरीकडे हलवतो, प्रोसेसर ऑफलाइन करतो आणि मग तो काढून घेण्यास संमती देतो. त्यानंतरच 'डिव्हाइस-डिलीटेड' ही घटना मॉनिटरवर येते. गेस्टमधील एखादी प्रक्रिया त्या प्रोसेसरला बांधलेली असेल, तर कर्नल ते बंधन मोडून तिला हलवतो, आणि प्रोसेसर परत जोडला तरी ते बंधन परत येत नाही. ज्यावर मशीन बूट होते तो पहिला प्रोसेसर काढण्यास क्यूएमू सरळ नकार देतो.

आणखी एक बारकावा. केव्हीएममध्ये एकदा निर्माण केलेला एकटा व्हर्च्युअल प्रोसेसर नष्ट करण्याची सोय नाही. तो संपूर्ण मशीनबरोबरच जातो. त्यामुळे क्यूएमू काढलेला प्रोसेसर बाजूला राखून ठेवतो आणि पुढे तीच जागा भरायची झाली की तोच पुन्हा वापरतो.

मुख्य मशीनवर प्रोसेसर काढण्याचा सध्या विचार नाही. रिकामा बसलेला प्रोसेसर होस्टला जवळजवळ काहीच मागत नाही.

१९ मार्च २०२५

तालुक्याच्या गावी वीज जाते, आणि इन्व्हर्टरचे बळ संपले की होस्टही जातो. म्हणून जोडलेले प्रोसेसर कशात टिकतात आणि कशात टिकत नाहीत, हे नेमके लिहून ठेवणे गरजेचे आहे.

गेस्ट आतून रीस्टार्ट केला तर क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते, एसीपीआयचे तक्ते नव्याने बांधले जातात आणि बूट होणाऱ्या कर्नलला चारही प्रोसेसर सुरुवातीपासूनच हजर दिसतात. क्यूएमूची प्रक्रियाच संपली तर मात्र मशीन पुन्हा मूळ सूचनेप्रमाणे दोन प्रोसेसरांवर उभे राहते. लिबव्हर्ट हे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे साधन वापरणाऱ्यांना हा फरक 'व्हर्श सेटव्हीसीपीयूज' या आज्ञेत दिसतो: '--लाइव्ह' दिले तर बदल फक्त चालू मशीनला लागू होतो, '--कॉन्फिग' दिले तर पुढच्या सुरुवातीसाठी लिहिला जातो, आणि दोन्ही हवे असल्यास दोन्ही द्यावे लागतात. आम्ही क्यूएमू थेट चालवतो. त्यामुळे आमची स्क्रिप्ट प्रत्येक यशस्वी जोडणीनंतर त्या प्रोसेसरची ओळ सुरुवातीच्या सूचनेतही '-डिव्हाइस' म्हणून घालते.

याच शिस्तीचा उपयोग स्थलांतराच्या वेळी होणार आहे. चालते मशीन दुसऱ्या होस्टवर नेताना तिकडच्या क्यूएमूलाही तोच कमाल आकडा, तीच मांडणी आणि जोडलेले तेच प्रोसेसर देऊन सुरू करावे लागते. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर स्थलांतर होत नाही.

८ एप्रिल २०२५

उन्हाळा लागला. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांच्या घरात जाणे नेहमीचे, आणि रावेरच्या त्या खोलीत सर्व्हरसाठी एकच वातानुकूलन यंत्र आहे. व्हर्च्युअल प्रोसेसर वाढले की होस्टचे अधिक कोअर एकाच वेळी तापतात. तापमान मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि मग गेस्टला सहा प्रोसेसर दिले तरी हाती येणारे काम चाराइतकेच राहण्याची शक्यता असते. गेस्टच्या आतून हे दिसत नाही. 'एसटी' स्तंभातही ते उमटत नाही, कारण वेळ पूर्ण मिळालेला असतो, त्या वेळेत होणारे काम घटलेले असते. म्हणून आज भर दुपारी होस्टवरील कोअरचे तापमान आणि वारंवारता यांची नोंद घेणे सुरू केले.

सहाव्या प्रोसेसरापर्यंत जाण्याचा निर्णय या नोंदी महिनाभर पाहूनच घ्यायचा, असे अण्णांच्या उपस्थितीत ठरले. दुसरा होस्ट आल्यावर स्थलांतराची चाचणी जळगावच्या मशीनवर आधी करायची आहे. त्यासाठी दोन्ही होस्टांचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असल्यास 'होस्ट' (खऱ्या प्रोसेसरच्या सर्व सोयी गेस्टला दाखवणारा) हा प्रकार न वापरता दोघांनाही पेलेल असा ठरावीक प्रोसेसर-प्रकार निवडावा लागेल. तो बदलही मशीन बंद करूनच करता येतो, तेव्हा पुढच्या पहाटेच्या बंदमध्येच तो उरकून घ्यायचा.